काळ्या खडकावरचे निरंक रविवार

सर,

तुमच्या शोकसभेत मी शेवटच्या रांगेत बसले होते. शाळेच्या हॉलमध्ये पंखे फिरत होते आणि एकामागून एक माणसं उठून तुमच्या गणिताबद्दल बोलत होती. कुणी म्हणालं, सरांनी भूमिती शिकवली म्हणून मी इंजिनियर झालो. कुणी फळ्यावर हातानं काढलेल्या तुमच्या गोल वर्तुळाची आठवण सांगितली. दीड तास चाललं हे. तेवढ्या वेळात मासा हा शब्द एकदाही आला नाही. हबीबभाई माझ्या शेजारीच होते. रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेला, वीस वर्षं दर रविवारी तुमच्या शेजारी गळ टाकून बसलेला हा माणूस. त्यांना कुणी बोलायला बोलावलं नाही आणि तेही उठले नाहीत. बाहेर चपला घालताना एवढंच म्हणाले, "आपल्या सरांचं अर्धं या लोकांना मालूमच न्हाई."

मी त्या अर्ध्याबद्दल लिहून राहिलेय. त्यात मीही आहे. आणि जे आहे ते मला माईकसमोर उभं राहून सांगता आलं नसतं.

आपली पहिली भेट म्हणजे भांडणच होतं. मी नुकतीच कंत्राटावर लागले होते. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. होऊन दोन वर्षं इस्लापूरला घरी बसले होते, आणि मग हे काम मिळालं. नांदेडच्या वर, धरणाच्या फुगवट्यावर जे लोक हौसेनं मासे धरतात त्यांची गणना करायची. हौसेनं मासे धरतात, हेच मला नवीन होतं. आमच्याकडे बाबा ओढ्यात उतरायचे ते कालवणासाठी. सापडलं तर त्या दिवशी वरणाला सुट्टी. पाण्याकडे बघत सकाळभर बसायचं आणि हाताला लागलेला मासा परत सोडून द्यायचा, हा प्रकार मी पहिल्यांदा तुमच्याकडेच पाहिला. तुमच्या घरात मासळी शिजत नव्हती. लहानसहान मासा तुम्ही सोडून द्यायचा आणि मोठा हबीबभाईंच्या पिशवीत जायचा.

नदीत घुसलेल्या त्या काळ्या खडकावर तुम्ही सहा-सात जण अंतर राखून बसला होता. मी स्कूटी वर ठेवून चिखलातून उतरले, गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं आणि फॉर्म काढला. नाव, वय, गळ किती, किती तास बसलात, कोणता मासा, लांबी, वजन. शेवटी मोबाईलच्या ॲपमध्ये त्या जागेची खूण करायची होती. आता प्रत्येक हौशी माणसाला कार्ड काढावं लागेल आणि दर खेपेला काय मिळालं ते लिहून द्यावं लागेल, असंही मी सांगितलं.

"हे कशासाठी?" तुम्ही विचारलं. नजर पाण्यावरच होती.

"माहिती गोळा करायची आहे सर."

"ते दिसून राहिलं. माहिती कशासाठी?"

मी वरून आलेल्या कागदातले शब्द सांगत गेले. व्यवस्थापन, संवर्धन, नियोजन. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणालात, "उत्तर येत नसलं की पोरं असंच लांब लिहितात."

बाकीचे हसले. माझ्या डोळ्यात पाणी आलं, आणि ते तुमच्या लक्षात आलं. थर्मासच्या झाकणात चहा ओतून तुम्ही माझ्यापुढे धरलात. "बस. फॉर्म भरू. पण जागेची खूण करायची नाही. मासेवाला जागा सांगत नसतो. बायकोलाही नाही."

खूण केल्याशिवाय ॲप पुढे जात नव्हतं. शेवटी मी दूर, रस्त्यावरच्या पुलापाशी जाऊन खूण केली. ती माझी पहिली खोटी नोंद. ती कुणी पकडली नाही.

त्यानंतर दर रविवारी मी येत गेले. माझ्या वाट्याला नदीकाठच्या पाच जागा होत्या, पण काळा खडक मी शेवटी ठेवायचे, म्हणजे तिथं थांबता यायचं. मी स्पर्धा परीक्षा देत होते आणि गणितात दरवेळी अडकत होते, हे तुम्हाला कसं कळलं कोण जाणे. एका रविवारी फॉर्मच्या पाठीवर तुम्ही मला शेकडेवारी समजावली. मग सरासरी, मग वेग आणि वेळ. गळाचं बूच हललं की मध्येच बोलणं तोडायचा, मासा काढून झाला की त्याच वाक्यापासून पुढे. शाळा सुटून आठ वर्षं झाली होती तुमची, पण शिकवताना आवाज वर्गातलाच निघायचा. पलीकडच्या खडकावरून हबीबभाई ओरडायचे, "सर, हळू. मासे पास होऊन चाल्लेत."

नांदेडात माझं कुणी नव्हतं. भाड्याची खोली, डबा आणि ऑफिस. रविवारची ती दोन तासांची जागा नसती तर मी पहिल्या सहा महिन्यांतच गाव गाठलं असतं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

तुम्ही मला गळही टाकायला शिकवलं. दोरी तीनदा माझ्याच ओढणीत अडकली. चौथ्यांदा पाण्यात पडली, आणि अर्ध्या तासानं एक चिलापी लागली, हाताच्या पंजाएवढी. मी इतकी गांगरले की काठीच सोडली. तुम्ही गुडघाभर पाण्यात उतरून ती धरलीत. पँट भिजली, चष्मा घसरला, आणि त्या अवस्थेत तुम्ही हसत हसत मला एका हातात मासा कसा धरायचा ते दाखवत होता. तेवढं हसताना मी तुम्हाला परत पाहिलं नाही.

मग ती अफवा आली. ज्या पट्ट्यात मासा जास्त आहे तो पट्टा ठेक्यावर जाणार, सगळी गणना त्यासाठीच चाललीय. कुणी आणली माहीत नाही. हबीबभाई म्हणाले, "आपल्याला मोजून राहिले, ते कापायलाच." त्या रविवारी तुम्ही सगळ्यांना खडकावर जवळ बोलावलं. मी फॉर्मचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते.

"मासे आहेत म्हटलं की ठेका निघेल," तुम्ही म्हणालात. "मासेच नाहीत म्हटलं तर कोण येतंय इथं? आजपासून सगळ्यांनी निरंक लिहायचं."

"सर, हे चूक आहे," मी म्हणाले.

"चूक म्हणजे?"

"खोटं आहे."

"अपुरं आहे," तुम्ही म्हणालात. "पेपर कोरा ठेवणारा मुलगा खोटं लिहीत नसतो."

मी फॉर्मचा गठ्ठा सरळ करू लागले. तुमच्याशी वाद घालताना नेहमी असंच व्हायचं. तुमच्या वाक्याला फट दिसायची नाही आणि घरी गेल्यावर रात्री दिसायची. दुसऱ्या दिवशी मी मनात तुम्हाला उत्तर द्यायचे. कोरा पेपर देणाऱ्या मुलाला शून्य मिळतं सर, आणि ते शून्य त्याच्या नावावर लागतं. पण रविवारी ते उत्तर माझ्या तोंडून कधी निघालं नाही.

पुढच्याच आठवड्यात तुम्हाला रोहू लागला. पाच किलोच्या खाली नसेल. ओल्या पोत्याखाली तो शेपटी आपटत होता आणि पोतं हलत होतं. मी तुमच्या समोर बसले होते, फॉर्मवर तुमचं नाव लिहून झालं होतं, आणि पेन कोणता मासा या रकान्यावर थांबलं होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. हुकूम नव्हता त्या बघण्यात. विनंतीही नव्हती. "लिही," तुम्ही म्हणालात. मी निरंक लिहिलं. तुम्ही सही केलीत. खाली प्रगणक म्हणून मी केली.

वर्षभर हेच चाललं. नंतर तर आपल्याला त्याची गंमतच वाटू लागली. मी खाली उतरताना दिसले की हबीबभाई हात वर करून ओरडायचे, निरंक, जसं कुणी राम राम म्हणावं. एखाद्याची मरळ दोर तोडून गेली की बाकीचे म्हणायचे, चला, आज तरी फॉर्म खरा झाला. ऑफिसात फॉर्म पूर्ण भरलेले आहेत की नाहीत एवढंच बघायचे. रकाना रिकामा नको, त्यात काय आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. माझं काम चोख समजलं जात होतं. लातूरला एका बैठकीत माझ्या फॉर्मचा गठ्ठा नमुना म्हणून दाखवला, हे मी तुम्हाला कौतुकानं येऊन सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "बघ, शिष्या कुणाची."

नोटीस लागली त्या दिवशी रविवार नव्हता. हबीबभाईंनी मला फोन करून बोलावलं. खडकाकडे जाणाऱ्या वाटेवर लोखंडी खांब रोवले होते आणि त्यांना तारेची जाळी मारत होते. एका खांबाला प्लास्टिकमध्ये घातलेला कागद बांधला होता. हा पट्टा पिंजरे टाकून मत्स्यपालन करण्यासाठी करारानं देण्यात आला आहे, प्रवेश बंद. आणि खाली कारण दिलं होतं. वर्षभराच्या पाहणीत या पट्ट्यात हौशी मासेमारीची पकड निरंक आढळल्यानं कुणाच्या वापराला बाधा येत नाही.

तुम्ही तो कागद दोनदा वाचलात. चष्मा काढून पुसलात आणि तिसऱ्यांदा वाचलात.

"हे आकडे तू दिलेस?" तुम्ही विचारलंत.

मला तो प्रश्न सहन झाला नाही. आज कळतं की तुम्ही आरोप करत नव्हता. तुम्हाला उदाहरणाची पायरी तपासायची होती, कुठे चुकलं ते बघायचं होतं. पण मी त्या तारेपाशी उभी राहून मोठ्यानं बोलले, "मी दिले न्हाईत सर, तुम्ही दिले. मी फक्त लिहिले. चाळीस वर्षं पोरांना खरं उत्तर शिकवलं म्हणता, आणि मला काय शिकवलंत?"

जाळी मारणारी माणसं वळून पाहू लागली. हबीबभाई म्हणाले, "बेटा, बस." तुम्ही काठ्या आवळून बांधल्यात, पिशवी खांद्याला लावलीत आणि रस्त्याकडे चालू लागलात. मी स्कूटीवर सोडते म्हणाले नाही. तुम्ही मागे वळून पाहिलं नाहीत.

तीन आठवडे आपण बोललो नाही. आणि मग एका सोमवारी तुम्ही ऑफिसात आलात.

मी खिडकीजवळच्या टेबलावर होते. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, शाळेतला असावा, कारण खिशाला शाईचा जुना डाग होता. हातात अर्ज. साहेबांनी तुम्हाला खुर्ची दिली. ते वाईट माणूस नव्हते, हे मला लिहायला हवं. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला. त्यात तुम्ही लिहिलं होतं की त्या वर्षाचे फॉर्म खोटे आहेत, तिथं मासे लागत होते, तुम्ही आणि तुमचे सोबती दर आठवड्याला धरत होता, आणि पाहणी पुन्हा व्हावी.

"सर, तुमच्याच सहीचे कागद आहेत," साहेब म्हणाले. "तेव्हा एक लिहिलंत, आता दुसरं लिहिता. मी कोणतं खरं धरू?"

"हे."

"ते ठीक. पण मला वर काहीतरी दाखवावं लागेल." मग ते माझ्याकडे वळले, आणि परत तुमच्याकडे. "प्रगणकानं मासे पाहिले होते का? पाहिले असले तर बाईंच्या सहीनं तसं लिहून द्या. मी फेरपाहणीला पाठवतो. जाळी लागली असली तरी करार अजून कच्चा आहे, थांबू शकतो."

तुम्ही वळून माझ्याकडे पाहिलंत.

सर, त्या आठवड्यात माझ्या कंत्राटाची मुदत संपत होती. नूतनीकरणाची फाईल त्याच टेबलावर होती, हिरव्या रंगाची, तुमच्या कोपराजवळ. बाबांचं गुडघ्याचं दुखणं वाढलं होतं आणि ते मजुरीला जाऊ शकत नव्हते. ही कारणं खरी आहेत. पण त्या क्षणी मी त्यांचा विचार केला नव्हता. मी समोरच्या फॉर्मवर एकच अक्षर पुन्हा पुन्हा गिरवत होते. मी मान खाली घातली.

मग तुमचा आवाज आला, नेहमीचा, वर्गातला. "नाही. बाईंना आम्ही काही दाखवलं नाही. त्या यायच्या आधी सगळं पिशवीत झाकून ठेवायचो. त्यांचा यात दोष नाही."

साहेबांनी हात टेबलावर ठेवले. "मग माझ्या हातात काही राहत नाही सर."

"अर्ज ठेवून घ्या. आवक शिक्का मारून द्या."

शिक्का मारून घेऊन तुम्ही जिना उतरलात. मी खिडकीतून पाहिलं. सिटी बसच्या थांब्यावर तुम्ही बराच वेळ उभे होता. दोन बसा गेल्या, तुम्ही चढला नाहीत. मला खाली यायला किती लागलं असतं? वीस पायऱ्या. मी जागेवर बसून राहिले आणि जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला.

पुढच्या आठवड्यात माझं कंत्राट वाढलं. मी वजिराबादेतून पेढे घेऊन तुमच्या घरी आले. मी पेढे घेऊन आले सर. आज ते आठवलं की कानशिलं तापतात. तुम्ही बॉक्स उघडला, एक पेढा घेतलात, अर्धा काकूंना दिलात आणि अर्धा खाल्लात. "छान झालं," म्हणालात. "आता गणिताकडे लक्ष दे. वेळ लावून सोडव." काळ्या खडकाबद्दल तुम्ही एक शब्द काढला नाहीत. मीही नाही.

हबीबभाई आणि दोघे-तिघे बिलोलीकडे, मांजरा नदीवर जाऊ लागले. त्यांनी तुम्हाला चला म्हणून चारदा विचारलं. तुम्ही एकदाच गेलात. ते सांगत होते, सर दिवसभर बसले, पण गळाला आमिषच लावलं नाही.

मी तुमच्याकडे यायचं कमी केलं. आधी दर रविवारी, मग महिन्यातून, मग सणाला. कारणं सांगायला ऑफिस होतंच. खरं कारण हे की तुम्ही माझ्याशी पूर्वीसारखेच वागत होता. तुम्ही रागावला असता तर मी माफी मागितली असती. तुम्ही काकूंना म्हणायचा, आपल्या वर्षाला उपीट आवडतं, ते कर. मी उपीट खायचे आणि घाईनं निघायचे.

दवाखान्यात मी तुम्हाला दोनदा भेटले. दुसऱ्यांदा आले तेव्हा काकू औषधं आणायला खाली गेल्या होत्या आणि खोलीत आपण दोघंच होतो. नळ्या लावलेला तुमचा हात चादरीवर होता. बोटं आखूड वाटत होती, का कोण जाणे. मी सगळं ठरवून आले होते. बसमध्ये वाक्यं पाठ केली होती.

"सर, त्या दिवशी ऑफिसात मी…"

"पंखा कमी कर गं जरा," तुम्ही म्हणालात.

मी उठून पंखा कमी केला. परत येऊन बसले तर तुम्ही विचारलंत, परीक्षेचा निकाल कधी आहे. मी सांगितलं. मग काकू आल्या. चौथ्या दिवशी सकाळी हबीबभाईंचा फोन आला.

इतके दिवस मी स्वतःला एक गोष्ट सांगत होते. सरांनी ठरवूनच मला वाचवलं. ते घरूनच ते वाक्य ठरवून आले होते, मी बोलले असते तरी त्यांनी बोलू दिलं नसतं. दवाखान्यातही त्यांनी मुद्दाम विषय तोडला, म्हणजे त्यांना ते नकोच होतं. या गोष्टीच्या आधारावर मला झोप लागत होती.

तेराव्याला सगळे जेवून गेल्यावर मी काकूंना भांडी आवरू लागले. तेव्हा मी त्यांना सांगितलं. रोहू, फॉर्म, ऑफिस, माझी मान खाली घालणं, सगळं. वाटलं, त्या म्हणतील, जाऊ दे बाई, त्यांचा जीव होता तुझ्यावर.

काकू हातातलं ताट पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला माहीत हाय. त्या दिवशी घरी आले तर जेवले न्हाईत. मी लई विचारलं, तवा म्हणाले, वाटलं होतं पोरगी बोलेल."

"अजून काय म्हणाले?"

"काही न्हाई. म्हणाले, तिचंही खरं हाय, नोकरी हाय तिची. पण वाटलं होतं." त्यांनी ताट रचून ठेवलं. "तुला दुखवायला सांगत न्हाई मी. तू विचारलंस म्हणून सांगितलं."

म्हणजे तुम्ही ठरवून आला नव्हता. तुम्ही वळून पाहिलंत तेव्हा वाट पाहत होता. मी ज्याला तुमचं देणं समजत होते, ते तुम्हाला माझी मान खाली गेलेली दिसल्यावर सुचलेलं होतं. आणि तरीही ते वाक्य बोलताना तुमच्या आवाजात जरासुद्धा फरक पडला नव्हता. याबद्दल मी तुमचे आभार मानू की नको, हे मला आजही ठरवता येत नाही.

काल मी साहेबांकडे गेले. दोन पानं लिहिली होती. त्या वर्षीच्या काळ्या खडकाच्या सर्व नोंदी खोट्या आहेत. मासे मी स्वतः पाहिले होते. जागेची खूणही मी चुकीची केली. अर्जदारांनी माझा दोष नाही असं सांगितलं ते मला वाचवण्यासाठी. खाली पूर्ण नाव आणि सही.

साहेबांनी वाचलं. पहिलं पान परत वाचलं.

"याचा आता काय उपयोग?" ते म्हणाले. "करार पक्का होऊन वर्ष होत आलं. पिंजरे पडलेत पाण्यात. आणि सर तर गेले."

"हाव."

"तुमचं काम राहणार नाही, कळतंय ना? मला हे वर पाठवावंच लागेल."

"पाठवा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मी तेव्हा विचारलं होतं की. तुमच्यासमोरच विचारलं होतं. का नाही बोललात?"

"भ्याले," मी म्हणाले. दुसरं काही खरं नव्हतं.

त्यांनी शिपायाकडून तुमची फाईल मागवली. ती कपाटाच्या वरच्या खणात होती, सापडायला वेळ लागला. त्यात तुमचा तो एकच कागद होता. मी वाचू का विचारलं, ते हो म्हणाले. मी तो त्या दिवशी वाचलाच नव्हता. तुमचं अक्षर, ओळी सरळ, प्रत्येक मुद्द्याला आकडा. फॉर्मवर सह्या सात जणांच्या होत्या, पण दोषाच्या प्रत्येक ओळीत तुम्ही 'मी' लिहिलं होतं. मी खोटी माहिती दिली. मी इतरांना तसं करायला सांगितलं. मी दिलगीर आहे. शिपायानं माझ्या दोन पानांना भोकं पाडली आणि तुमच्या कागदाखाली दोऱ्यात ओवली.

त्यानं काही बदलणार नाही. जाळी तिथंच आहे, आत पिंपांवर तरंगणारे पिंजरे आहेत, आणि रखवालदार कुणाला खडकाजवळ फिरकू देत नाही. महिनाअखेर मला खोली सोडायची आहे. बाबांना अजून सांगितलं नाही. हबीबभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "लवकर करायला पाहिजे होतं, बेटा." मी म्हणाले, हाव.

ऑफिसातून निघताना मी साहेबांच्या टेबलापाशी थोडी थांबले. तुम्ही बसला होता ती खुर्ची तशीच होती. पानं द्यायला मी माझ्या जागेवरून उठून तिच्यापर्यंत चालत गेले होते सर, फार तर आठ पावलं. त्या दिवशी तुम्ही वळून पाहिलंत तेव्हाही अंतर तेवढंच होतं.